पहिलं जाऊ द्यायचं

आमच्या नेरूळच्या सोसायटीत मी म्हणजे नेव्हीवाले काका. मीटिंग असो की कुणाकडे सत्यनारायण, कोणीतरी चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, काका, जहाजावर विमान चाल करून आलं तर नेमकं काय करतात हो? मला आधी राग येतो. त्यांना गोष्ट हवी असते, उत्तर नको असतं. आणि उत्तर, जहाज कोणाचं आहे त्यावर अवलंबून आहे. मोठ्या नौदलाचं असेल तर त्याच्याकडे लांबवर बघणारं रडार असतं, क्षेपणास्त्रं असतात, डोक्यावर स्वतःची विमानं असतात आणि आजूबाजूला राखणीला आणखी चार जहाजं. छोट्या नौदलाचं असेल तर एक जुनी तोफ, दोन मशीनगन, दुर्बीण घेतलेला एक माणूस आणि सगळ्यांनी मिळून केलेली आरडाओरड. संपलं. एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो पार्किंगच्या विषयावर येतो.

मी शिरवण्याचा. आमच्या घरात दर्यावर गेलेला पहिला माणूस मीच, बाकी सगळे आधी भातशेतीचे आणि नंतर भाडेकरूंचे. चोवीस वर्षं आपल्या नौदलात तोफेवर काढली. निवृत्त झालो आणि एका बेटांच्या देशानं मला तीन वर्षांच्या करारावर बोलावलं, त्यांच्या खलाशांना तोफ शिकवायला. देशाचं नाव लिहीत नाही, त्यांच्या मागे आधीच कमी भानगडी नाहीत. नौदल म्हणजे तीन गस्ती जहाजं. एक कायम गोदीत, एक गोदीत जायच्या तयारीत आणि एक पाण्यात. मी पहिल्या दिवशी बघितलं आणि मनात म्हटलं, अरे देवा, कुठे येऊन पडलो!

पण माणसं गुणी होती. जे नव्हतं त्याच्यावाचून कसं वाचायचं, हे ती वर्षानुवर्षं शिकली होती. वरून काही येतंय असं वाटलं तर जहाज किनाऱ्याला चिकटवायचं, म्हणजे वरच्याला खडक कुठला आणि जहाज कुठलं ते कळत नाही. मच्छीमारांचा ताफा दिसला तर त्यांच्यात घुसून त्यांच्याच वेगानं चालायचं. अगदीच गाठलं तर जहाज आडवं करायचं, म्हणजे पुढची तोफ आणि मागच्या दोन्ही मशीनगन एकदम चालतात, आणि मग वाकडंतिकडं पळत सुटायचं. हवेत चंदेरी पट्ट्या उडवायची नळकांडी होती, समोरच्या क्षेपणास्त्राला भुलवायला. त्यातली निम्मी ओल लागून फुसकी झाली होती. खांद्यावरून सोडायची दोन क्षेपणास्त्रं होती, त्यांच्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या. ती कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवायचे. मी एकदा चिडून कप्तानाला विचारलं, ही पूजेला ठेवलीत का? तो हसला. हसण्याशिवाय त्याच्या हातात तरी काय होतं म्हणा.

राहता राहिली पुढची तोफ. माझ्याच वयाची असेल, पण चालायची. आणि ती चालवायचा सराव वर्षातून एकदा. हा सराव कसा होतो ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. त्यांच्याकडे एक लहानसं विमान होतं. त्याच्या शेपटीला लांबलचक दोर, आणि दोराच्या टोकाला लाल कापडाची पिशवी, माणसापेक्षा मोठी. विमान जहाजावरून उडत जायचं, त्याच्या बऱ्याच मागून पिशवी यायची, आणि खलाशांनी पिशवीवर गोळे मारायचे. विमानावर नाही, पिशवीवर. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात भरली. पहिलं जाऊ द्यायचं. मागचं मारायचं. रोज सकाळी, तोफ रिकामी असताना सुद्धा, मी ओरडायचो, पहिलं? आणि ते सगळे एका आवाजात त्यांच्या भाषेत म्हणायचे, जाऊ द्या! तोफ भरायची ती सुद्धा विमान डोक्यावरून गेल्यावर. आणि बाजूला एक माणूस लाल झेंडा घेऊन उभा. तो झेंडा खाली आल्याशिवाय कोणी काही करायचं नाही. तीन वर्षांत तीन सराव झाले. पिशवीला दोनदा भोकं पडली आणि विमानाला ओरखडा नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

ते विमान चालवणारा वैमानिक एकच. पोट सुटलेला, माझ्यासारखाच बडबड्या. त्याची बायको मला मास्तर म्हणायची. दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवण. नारळाच्या दुधातली मासळी ती करायची, आमच्याकडे करतात त्याच्या जवळपास जाणारी, फक्त आंबट कमी. जेवताना तो म्हणायचा, मास्तर, तुझ्या पोरांचा नेम इतका वाईट आहे की माझ्या विमानाइतकी सुरक्षित जागा साऱ्या आभाळात नाही. मी म्हणायचो, नेम वाईट नाही, शिस्त चांगली आहे. मग दोघं हसायचो आणि ती आम्हाला गप्प बसून जेवा म्हणायची.

करार संपला तेव्हा गुडघे गेले होते. त्यांनी विचारलं, तुमच्या जागी कोण? मी जावयाचं नाव दिलं. जावई माझाच माणूस. दिघ्याच्या कामगार वस्तीतला, नौदलात माझ्या हाताखाली तोफेवर शिकलेला. त्याचं काम बघूनच मी त्याला मुलगी दिली. घरात मी त्याला रीतीप्रमाणे तुम्ही म्हणायचो, या, बसा, जेवलात का. तोफेचा विषय निघाला की आपोआप अरेतुरेवर यायचो आणि तो सुद्धा नकळत सावधान उभा राहायचा. बायको कपाळाला हात लावायची. म्हणायची, "अवो, जावय हायेत ते आपले. जरा मान ठेवा."

तो गेला. मुलगी आमच्याकडे राहायला आली, तिची शाळेतली नोकरी इथेच नेरूळला. दोन वर्षांचा करार, मग परत. पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्या समुद्रात ड्रोन सुरू झाले.

ड्रोन म्हणजे लग्नात फोटो काढतात ते नव्हेत. पंख असलेलं, मोटरसायकलचं असावं तसलं इंजीन लावलेलं, नाकात स्फोटकं भरलेलं यंत्र. त्यात माणूस नसतो, त्यामुळे घाबरणारं कोणी नसतं. पाण्याला लागून येतं. जुन्या रडारला लाटा आणि ते यातला फरक कळत नाही. डोळ्यांना दिसतं तेव्हा हातात जेमतेम पाऊण मिनिट असतं. शेजारच्या देशाचं एक गस्ती जहाज गेलं तसल्याच ड्रोननं. टीव्हीवर आलं नाही, जावयानं फोनवर सांगितलं. मुलीला सांगू नका म्हणाला. मी नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून मी रोज कॅलेंडर बघायला लागलो. तो परत येईपर्यंत आठ महिने होते. आठ महिने त्या म्हाताऱ्या तोफेनं त्याला राखायचं होतं, आणि त्या तोफेला शिकवलेलं सगळं माझं होतं.

मी रोज सकाळी फोन करायचो. जहाज किनाऱ्याजवळ ठेवा. टेहळणीवर एक नाही, चार माणसं ठेवा, आणि दर अर्ध्या तासानं बदला, कारण पाण्याकडे बघून बघून डोळा झोपतो. तो हो पप्पा, हो पप्पा म्हणायचा. एकदा वैतागून म्हणाला, "पप्पा, तुम्ही टेन्शन नका घेऊ ना. मी इथे आहे की." मी म्हटलं, तू तिथे आहेस याचंच तर टेन्शन आहे.

मग शिरवण्याच्या मैदानावरची ती दुपार. गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांना मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. गळ्यात हार, डोक्याला फेटा, बाजूला माइकवर एक जण बोंबलतोय. फायनलचं शूटिंग करायला दोन ड्रोन आणले होते. पहिला मैदानावर आला. मी बघितलं आणि सोडून दिलं. त्याच्या मागून दुसरा आला आणि माझी नजर त्याला जी चिकटली ती सुटेना. मान फिरतेय, उजवा पाय खाली दाबला जातोय. आमची तोफ पायानं सुटते, पायाखाली पट्टी असते, ती दाबायची. मी माझ्या पायाकडे बघितलं. पहिलं मी जाऊ दिलं होतं. विचार न करता. इतकी वर्षं तेच शिकलो आणि तेच शिकवलं. आणि तिकडे त्या जहाजावर माझी सगळी माणसं तशीच घडलेली. पहिला ड्रोन येईल, ते त्याला आपलं विमान समजून वाट देतील, आणि मागच्या पिशवीची वाट बघत उभे राहतील. मी तसाच उठलो. माइकवाला म्हणतोय, आता आपले माननीय, आणि माननीय मैदानाबाहेर. लोकांना वाटलं काका रुसले.

मैदानाच्या कडेला एका टेम्पोच्या आडोशाला उभा राहून फोन लावला. सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "बरोबर आहे पप्पा. गेल्या महिन्यात एक पक्ष्यांचा थवा आला, तेव्हा पण तोफेवाल्यानं पुढचे सोडले आणि मागच्यांवर तोफ वळवली. मी हसलो होतो."

मी म्हटलं, हसू नकोस. आजपासून उलटं शिकव. पहिलं दिसलं की पहिलं धर. तोफ भरून ठेव, दिसल्यावर भरायला वेळ नाही. रोज पन्नास वेळा करून घे, पतंग उडव, फुगे सोड, काय वाटेल ते कर, पण डोळ्याला दिसलं की पाय खाली गेला पाहिजे. मध्ये डोकं नको.

त्यानं विचारलं, "आणि सरावाच्या दिवशी? विमान येतं तेव्हा?"

हा प्रश्न त्यानं विचारला होता. अगदी ह्याच शब्दांत. आणि मी, चोवीस वर्षं तोफेवर काढलेला माणूस, फेटा काखेत धरून चिडून म्हणालो, "अरे तेव्हाचं तेव्हा बघू. लाल झेंडा असतोच की. आधी जगाल तर सराव कराल."

तो म्हणाला, "ठीक आहे पप्पा."

चार महिने त्यानं जीव तोडून मेहनत घेतली. तोफेवरचा मुख्य माणूस त्या बेटावरचाच, चाळिशी उलटलेला, माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला जुनी सवय मोडायला फार त्रास झाला. पाय अडायचा. जावयानं काळ्या पिशव्यांत हवा भरून डोंगरावरून सोडल्या, पतंग उडवले, मच्छीमारांकडून जुने दिवे घेऊन होड्यांवर उंच टांगले. मला व्हिडिओ पाठवायचा. पहिल्या महिन्यात तोफ पुढच्या पतंगाला चुकवून मागे जायची. दुसऱ्या महिन्यात थबकायची. चौथ्या महिन्यात पतंग डोंगराआडून डोकं काढायचा आणि पट्टीचा खटका वाजलेला असायचा, कुणी हुकूम देण्याच्या आधी. मी तो व्हिडिओ बायकोला दाखवला. ती म्हणाली, "मना काय कलतंय त्यातला? पोरगा जेवलाय का इचारा." मी मात्र इतका खूश होतो की खाली जाऊन वॉचमनला सुद्धा दाखवला. वाटलं, येईल हा परत. आता नक्की येईल.

वार्षिक सराव कधी आहे हे मला माहीत होतं. त्या दिवशी सकाळी मी शिरवण्याच्या बाजारात जिताडा घ्यायला गेलो होतो. एकदाही मनात आलं नाही की आज ते विमान उडणार आहे. हे मी आता कितीदा आठवून बघतो. कोळणीशी भाव करताना, खवले काढून दे म्हणताना, एकदा तरी आलं असेल? नाही आलं. फोन वाजला, मुलगी होती. म्हणाली, "पप्पा, घरी या. लगेच या. त्याला पकडलंय."

झालं ते असं. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. विमान ठरल्या बाजूनं, ठरल्या वेळी, पिशवी ओढत आलं. तोफ भरलेली होती, कारण आता ती कायम भरलेलीच असायची. लाल झेंडा वर होता. झेंडेवाला नीट उभा होता, त्याची काही चूक नाही. क्षितिजावर पहिली वस्तू दिसली आणि तोफेवरच्या माणसाचा पाय खाली गेला. चार गोळे सुटले. त्यानं पाय उचलला तोवर तो स्वतःच ओरडायला लागला होता म्हणे. नेम पहिल्यांदाच इतका अचूक लागला. विमान पाण्यात पडलं. वैमानिकाला काढलं तेव्हा तो गेलेला होता.

तोफेवाल्यानं चौकशीत खरं सांगितलं, मला असंच शिकवलंय. मग जावयाला विचारलं, नियम कोणी बदलला? तो म्हणाला, मी. माझ्या डोक्यातून आलं. वरच्यांना विचारलं नाही. माझं नाव त्यानं घेतलं नाही. एकदाही नाही.

त्याला पंधरा दिवसांनी दोन मिनिटं फोन करू दिला. मुलगी आधी बोलली, म्हणजे रडली. मग फोन माझ्याकडे आला. मी म्हटलं, मी लिहून देतो. मीच सांगितलं म्हणून लिहून देतो. तो अगदी शांतपणे म्हणाला, "पप्पा, वकिलाला विचारा आधी. आणि तिला सांगू नका. तिला तुमच्याशिवाय तिथे कोण आहे?" मग फोन कट झाला.

वकिलाला मी सरळ विचारलं नाही. म्हटलं, समजा, बाहेरच्या कोणी माणसानं त्याला हे करायला सांगितलं असेल तर? वकील तिथलाच, इंग्रजीत बोलायचा, सावकाश. तो म्हणाला, असं समजूच नका. आज ही एक चूक आहे. बाहेरच्या देशातला माणूस फोनवरून आमच्या युद्धनौकेची तोफ चालवत होता असं निघालं तर ती चूक राहत नाही, तो गुन्हा होतो, आणि तुमचा जावई म्हातारा होऊन बाहेर येईल. मग म्हणाला, इथे एकच वाट आहे. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी माफी दिली तर कोर्ट सोडून देतं. बायकोच्या हातात आहे सगळं. म्हणजे मासळी वाढणाऱ्या त्या बाईच्या हातात. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

करार केव्हाच संपला, त्याला पकडून अकरा महिने झाले. मुलगी शाळेत जायची, यायची, वह्या तपासायची. आणि तिचा राग हळूहळू नवऱ्यावर जमत गेला. हे मला सोसेना. एका रविवारी भाजी निवडता निवडता म्हणाली, "पप्पा, तुम्ही तीन वर्षं होतात, एक ओरखडा नाही. ह्यालाच कशी अक्कल सुचली नियम बदलायची? रोज फोनवर बोलायचा ना तुमच्याशी, एकदा विचारता आलं नसतं? तुम्ही सांगितलं असतं ना त्याला." मी गवारीच्या शेंगा मोडत होतो. मोडत राहिलो. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला मी काही सांगितलेलं नाही, पण तीस वर्षं माझ्याबरोबर काढलीत तिनं. ती उठून गेली. मला साऱ्या गावात आगीचा डोंब म्हणतात, आणि मी अकरा महिने तोंड शिवून बसलो. असली शिक्षा कुठल्या कप्तानानं सुद्धा दिली नव्हती मला.

तिकडे त्यांनी तोफेतले सगळे गोळे काढून घेतले. नवा हुकूम निघाला, लेखी परवानगीशिवाय कोणी तोफेला हात लावायचा नाही. जहाज आता तोफेवर ताडपत्री घालून गस्तीला जातं. ड्रोन अजून आहेतच त्या समुद्रात. आता पहिलं पण जाऊ देतात आणि मागचं पण. तोफेवरचा तो माणूस सुटला, पण घराबाहेर पडत नाही असं ऐकलं. इतक्या वर्षांची शिकवण माझी, ती मोडायची अक्कल माझी, आणि शेवटी त्या जहाजाकडे आधी होतं तेवढं सुद्धा उरलं नाही. कोणी विचारलं छोट्या नौदलानं काय करावं, तर मला खरंच माहीत नाही. मी जे जे सांगितलं त्यानं नुकसानच झालं.

गेल्या गुरुवारी दुपारी फोन आला. परदेशी नंबर. मुलगी शाळेतून येऊन नुकती बसली होती. तिला वाटलं वकील, तिनं स्पीकरवर टाकला. आवाज मी एका शब्दात ओळखला.

"मास्तर," ती म्हणाली.

मी उभा राहिलो.  मीच तिला फोन करायला हवा होता, अकरा महिने आधी, आणि माझी छाती झाली नव्हती. तिनं माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं. बायको कशी आहे विचारलं. मग म्हणाली, वकील कागद घेऊन येतोय, सही मागतोय. सगळे मला वेगवेगळं सांगतात. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्ही माझ्या घरी जेवलात. तुम्ही मला खरं सांगाल.

"विचारा," मी म्हटलं.

"तुमचा जावई वाईट माणूस आहे का?"

"नाही. देवाशप्पथ नाही. फार चांगला आहे."

"मग त्यानं असं का केलं?"

मुलगी माझ्यासमोर बसली होती, दोन्ही हात तोंडावर धरून. मी म्हटलं, तो त्या लोकांना वाचवायला बघत होता. ड्रोनला घाबरला होता. विमानाचा विचार करायचा राहून गेला. हे सगळं खरं होतं. फक्त माणूस बदलला होता.

ती मग म्हणाली, "त्यानं तुम्हाला विचारलं असतं, मास्तर, तर तुम्ही त्याला अडवलं असतंत. हो ना? माझा नवरा नेहमी म्हणायचा, मास्तर आहे तोवर मला भीती नाही."

माझ्या कानात टेम्पोमागे उभं राहून दिलेलं माझं उत्तर वाजत होतं. खरं बोललो तर तिला तिचं उत्तर मिळालं असतं. आणि तो म्हातारा होऊन बाहेर आला असता.

"हो," मी म्हटलं. "अडवलं असतं."

"मला तेच हवं होतं ऐकायला," ती म्हणाली. "चुकलेल्या माणसाला मी कोंडून ठेवणार नाही. मी सही करते." मग माझ्या बायकोला नमस्कार सांगा म्हणाली, आणि फोन ठेवला.

मुलगी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. लहान असताना पडायची तशी. रडत होती, हसत होती, शाळेत कुणाकुणाला सांगायचं ते बोलत होती. तो येईल तेव्हा कोणती खोली द्यायची, आधी दिघ्याला जायचं की इथे यायचं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मग ती एकदम थांबली, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, एक ऐकाल माझं? तुमचा राग मला माहितीय. पण तो आला की त्याला चुकीबद्दल काही बोलू नका हं. खूप भोगलंय त्यानं. मोठ्या मनानं माफ करा त्याला."

मी म्हटलं, नाही बोलणार.